मिथुनच्या दंडावरचा ताईत

मिथुनला मी नीट ओळखत होतो, असं म्हणायला जीभ रेटत नाही. तलासरीच्या आमच्या पाड्यावर त्याचं घर माझ्या कुडाला लागून. तरी तो नौदलाच्या विमानवाहू जहाजावर जेट विमानांची इंजिनं दुरुस्त करतो, यापलीकडे मला काही माहीत नव्हतं. कळलं ते त्याच्या शेवटच्या सुट्टीतल्या एका दुपारी.

त्या सुट्टीत तो आल्या आल्या कमळीनं, त्याच्या आईनं, विचारलं, "दंडावरचा ताईत कुठाय रे?"

"पडला समुद्रात."

"बघ! जोडीदार गेला नि तू वाचलास. तुझ्यावरचं त्या ताईतानंच घेतलं. भगताकडून दुसरा आणते."

मिथुन कुऱ्हाड घेऊन बाहेर पडला आणि माझ्या बांधावरच्या वाळक्या ऐनावर घाव घालू लागला. तळहात फुटले, दांडा लाल झाला, तरी थांबेना.

"त्या झाडानं काय घोडं मारलंय तुझं?"

"काका, जवळ येऊ नका."

मग आपणच खाली बसला आणि बोलला.

विमानं उडण्याआधी डेकवर सगळे खांद्याला खांदा लावून चालतात आणि खिळा, स्क्रू, खडा, दिसेल ते उचलतात. इंजिन वारा ओढतं, त्याबरोबर एवढासा तुकडा आत गेला तरी पाती तुटतात. म्हणून अंगावर दोरा, अंगठी काही घालायचं नाही. मिथुननं आईचा तांब्याचा ताईत बाहीखाली लपवला होता.

एका विमानाचं इंजिन जोर धरत नव्हतं. ते चालू ठेवून तो आणि त्याचा जोडीदार धनेश बिघाड शोधत होते. एकदम धडाका झाला. इंजिनाच्या दोन्ही तोंडांनी जाळ आला, पाती कवच फाडून उडाली आणि धनेशचं पोट चिरून गेली. मिथुननं दोन्ही हातांनी आतडी दाबून धरली.

"गरम होती, काका. निसटत होती."

धनेश ओरडायचा थांबला तरी यानं हात काढले नाहीत. दुसऱ्या दोघांनी ओढून सोडवले.

फुटलेलं इंजिन तपासायला मिथुनच बसला. नळीचा कॅमेरा आत घातला. पुढच्या पात्याला खाच, खाचेत तांबं घासलेलं. साहेब म्हणाले, इथे तांबं आलं कुठून? मिथुननं दंड चाचपला. मोकळा.

"साहेबांना तिथल्या तिथे सांगितलं. आईला कसं सांगू?"

शिक्षा भोगून तो पुन्हा त्याच कामावर निघाला होता.

यंदा माघात डेकवर दुसऱ्या एका इंजिनानं पेट घेतला. एकाला बाहेर ढकलताना मिथुन जळाला. शवपेटी घरी आली, ती उघडू दिली नाही. कमळीनं पेटीवर आपटून कपाळ फोडून घेतलं. रक्त पुसू देईना, मला एकच विचारत राहिली, "ताईत होता ना दंडावर?"

"तूच बांधला होतास," मी म्हणालो.

बांधला होता खराच, निघायच्या सकाळी, गाठीवर गाठ मारून. त्यानं हात पुढे केला आणि तोंड फिरवलं. नाक्यावर जीपची वाट बघताना त्यानं दातांनी दोरा तोडला, ताईत माझ्या खिशात टाकला. तेवढ्यात जीप आली.

"काका, शर्ट धुवायला टाकताना खिसा बघा."

"बघतो. पाणी घेतलंस का?"

"घेतलंय. जा तुम्ही, ऊन वाढतंय."