उस्तादांचा कान आणि कटआउट

वणीत सकाळी टेबल पुसलं की संध्याकाळी त्यावर कोळशाच्या धुळीत बोटानं नाव लिहिता येतं. गॅरेजातल्या किश्श्यांचंही तसंच आहे. कोणी मुद्दाम जमवत नाही, बसल्या जागी साचतात. आमच्या गॅरेजातले किस्से गावानं पोट धरून ऐकलेत. सगळ्यात जास्त मीच सांगितलेत, आणि आता त्याचाच मला राग येतो. तरी सांगतो.

गॅरेज सत्तार मिस्त्रींचं. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. मी राठोड, वायरिंगवाला. घाटंजीकडच्या तांड्यावरून आलो आणि बावीस वर्षं त्यांच्याच शेडमध्ये आहे. उस्तादांची सगळी मिस्त्रीगिरी कानात. लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं, टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला, आणि डोळे मिटायचे. आवाज बरोबर असला की उजव्या हाताचं बोट वर! बोट वर गेलं की गाडी पास. त्या बोटासाठी लोक चंद्रपूरहून गाड्या आणायचे.

एकदा रस्त्यानं कोळशाचा ट्रक चालला होता. उस्ताद चहा पीत बसले होते. बसल्या जागेवरून ओरडले, "अबे थांबवा त्याले! तिसऱ्या इंजेक्टरले खोकला झाला!" ड्रायव्हर भांडायच्याच तयारीनं उतरला. खोलून पाहिलं तर तिसराच! ड्रायव्हर म्हणाला, "मिस्त्री, घरी बायको खोकलून राह्यली. तिलेही घेऊन येऊ काय?"

*

मग छोटे सेठ आले. कोळसा ट्रान्सपोर्टवाल्याचे चिरंजीव. नवी कोरी लाल स्पोर्ट्स कार, नंबर प्लेटचं लिंबू-मिरची अजून ताजं.

"उस्ताद, कटआउट लावायचा हाय."

उस्तादांनी मान वर केली नाही. "कोणाचा वाढदिवस हाय? फ्लेक्सवाला तिकडं बसते, स्टँडसमोर."

छोटे सेठनं डिकीतून खोकं काढलं. आत पाइपचा तुकडा आणि त्यात मोटरवर चालणारी झडप. सायलेन्सरच्या अलीकडे पाइप कापून हा तुकडा जोडायचा. रिमोटवर दोन बटणं. 'उघड' दाबलं की धूर सायलेन्सरला टांग मारून थेट बाहेर, आणि आवाज असा की म्हशी दावं तोडतील. 'बंद' दाबलं की गाडी पुन्हा गरीब.

उस्ताद ते खोकं बघतच राहिले. "तीस वर्षं झाले, मी फुटके सायलेन्सर जोडून राह्यलो. अन तू चांगल्याले भोक पाडाले आला?"

पण बसवला. बापाचे सगळे ट्रक आमच्याकडे येत होते. नाही कोण म्हणणार?

गाडी जबरदस्त. रस्ता मात्र वणीचाच! पुढं कोळशाच्या ट्रकांची रांग, खाली खड्डे. आवाज दोनशेचा, चाल वीसची. पहिल्याच दिवशी एक सायकलवाला म्हातारा छोटे सेठला मागं टाकून गेला. जाता जाता म्हणाला, "काहून बोंबलून राह्यला बाप्पा? साइड पाह्यजे तर घे ना!"

*

एकानं बसवला की गावाला बसवायचाच असतो. ठेकेदारांची पोरं रांगेनं आली. टेस्टिंग आमच्या टिनाच्या शेडमध्ये. गाडी रॅम्पवर, उस्ताद खाली, डोकं पाइपाशेजारी. टिनं थरथरायची, शेजारचा टेलर मशीन सोडून बाहेर पळायचा, आणि खालून उस्तादांचा हुकूम, "अजून रेस दे!"

मी म्हटलं, "उस्ताद, कानात कापूस तरी घाला."

"डोळे झाकून गाडी चालवतं का तू? मंग मी कान झाकून मिस्त्रीगिरी कशी करू?"

अख्खा जिल्हा कापसाचा, आणि आमच्या माणसाच्या कानात एक बोळा गेला नाही! मी पण दुसऱ्यांदा म्हटलं नाही. मी गाडीत काचा लावून बसायचो.

*

चौथ्या की पाचव्या गाडीला मी मोटरच्या वायरी उलट्या जोडल्या. 'उघड' दाबलं की बंद, 'बंद' दाबलं की उघड. चूक माझी, शंभर टक्के. पण टेस्टिंग उस्तादांनी केलं होतं. मी काचा लावून आत, बाहेर ट्रक हॉर्न देत होते. मी 'उघड' दाबलं, उस्तादांचं बोट वर गेलं. गाडी पास!

गिऱ्हाईक निघालं. चौकात पोलीस दिसले म्हणून बिचाऱ्यानं सभ्यपणे 'बंद' दाबलं. साहेबांच्या हातातला चहा साहेबांच्याच वर्दीवर!

त्या दिवशी उस्तादांनी मला सगळ्यांसमोर झापलं. "वायरिंग उलटी जोडते, अन म्हणे बावीस वर्षं झाले!" मीही तडकलो. "उस्ताद, बोट तुमीच वर केलं ना?" उस्ताद पेचकस उचलून आत गेले. साहेबांच्या वर्दीचा किस्सा मात्र मी महिनाभर सांगितला.

*

नंतरचा किस्सा तर आणखी हिट झाला. मी इंजिनाखालून ओरडलो, "उस्ताद, गॅस्केट!" उस्ताद समोरच्या चहाच्या टपरीकडे ओरडले, "दोन बिस्कीट पाठव बे!" मी हात पुढं केला, हातावर बिस्कीट! शेडमध्ये हसून हसून लोळण. पुढं हेड गॅस्केटवाली गिऱ्हाईकंही आल्या आल्या म्हणायची, "उस्ताद, हेड बिस्कीट बदलायचं हाय!" उस्तादही हसायचे. कशाला हसतोय हे त्यांना ऐकू येत होतं का, ते कोणी विचारलं नाही. मीही नाही.

*

मग झरी जामणीकडचा एक जीपवाला आला. सवाऱ्यांची ने-आण करून घर चालवणारा. इंजिनात खटखट होती. मला दारातून ऐकू येत होती. उस्तादांनी पेचकस लावला, डोळे मिटले, बोट वर केलं. मला वाटलं, उस्तादांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. मी गप्प बसलो. मुकुटबनच्या अलीकडे इंजिन जाम झालं.

जीपवाला दुसऱ्या दिवशी आला. शिवी नाही, आवाज नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, उस्तादचा कान गेला. तुमी सांगत काहून नाही त्याईले?" आणि दुसऱ्या जीपला टोचन लावून, गाडी ओढत दुसरीकडे घेऊन गेला. आठ दिवसांत गावाला कळलं. चंद्रपूरच्या गाड्या बंद झाल्या. उस्ताद रोज सकाळी पेचकस पुसून ठेवायचे आणि रस्त्याकडे बघत बसायचे.

*

गेल्या महिन्यात छोटे सेठ पुन्हा आले. आणखी मोठी गाडी, आणखी मोठा कटआउट. उस्ताद कितीतरी दिवसांनी खुशीत होते. वेल्डिंग असं केलं की बोट फिरवावं तर जोड सापडू नये. वायरिंग मी केली. तीनदा तपासली.

टेस्टिंगला टेलर आला, टपरीवाला आला, रस्त्यावरचे दोन ड्रायव्हर आले. उस्ताद दारापाशी उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटले. मी या वेळी काचा खाली ठेवल्या. 'उघड' दाबलं आणि रेस दिली.

टिनं थडथडायला लागली. फळीवरचा नट-बोल्टचा डबा खाली पडला. टेलरनं कानांवर हात दाबले. छोटे सेठ खुशीनं नाचायलाच लागले. उस्तादांचं बोट वर जाईना. मी आणखी रेस दिली. पार तळापर्यंत.

उस्तादांनी डोळे उघडले आणि तरातरा माझ्याकडे आले. मी गाडी बंद केली.

"काहून रे राठोड? पुन्हा उलटी जोडली ना वायरिंग?"

छोटे सेठनं हसत तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते उघडंच राहिलं.

मी खाली उतरलो, उस्तादांच्या समोर उभा राहिलो, आणि त्यांना माझे ओठ नीट दिसतील असं सावकाश म्हणालो, "हो उस्ताद. चुकलं माह्यं. उलटीच जोडली."