ब्राझीलचा पाटील

नातवाच्या टीव्हीवर बास्केटबॉलचा सामना चालू असला आणि त्यात ब्राझीलची माणसं असली, की मी खुर्ची पुढं ओढून बसतो. नातू विचारतो, "आबा, तुम्हाला काय कळतं ह्यातलं?" मग माझं डोकं फिरतं. अरे, तुझा बाप जन्मायच्या आधीपासून मी ब्राझीलवाल्यांना ओळखतो! आमच्या वालूरच्या खळ्यावर लिंबाच्या खांबाला त्यांचा फोटो डकवलेला होता. त्यातला सगळ्यात उंच गडी माझा होता. माझा म्हणजे माझाच. दुसऱ्या कुणी त्याच्यावर हक्क सांगितला असता, तर मी त्याचे दात पाडले असते.

निजामाचं राज्य होतं तेव्हा. आमच्या गावच्या शाळेत हैदराबादेहून एक ड्रिल मास्तर बदलून आला. बदली बहुतेक शिक्षा म्हणूनच झाली असावी, नाहीतर वालूरला कोण खुशीनं येतो? पण माणूस रंगेल होता. दखनीत बोलायचा, पान खायचा, आणि त्याच्या ट्रंकेत कपड्यांपेक्षा शिट्ट्या जास्त होत्या. येताना त्यानं परभणीच्या मोठ्या शाळेतून एक जुना चामडी चेंडू मागून आणला होता. त्याला वरून दोरीनं आवळलेली चीर होती आणि आत फुगा. आमी आजवर चेंडू पाहिले ते चिंध्यांचे. हा चेंडू जमिनीवर आपटला की परत हातात यायचा. मास्तरनं तो पहिल्यांदा आपटून दाखवला, तेव्हा गावातली जाणती माणसंसुद्धा दोन पावलं मागं सरकली.

शाळेतली पोरं लहान, म्हणून मास्तरनं आमच्यासारखे मिसरूड फुटलेले गडी धरले. दिवसभर शेतात राबायचं आणि ऊन कललं की खेळायला जायचं. जागा पाटलांनी दिली. मळणी उरकली होती आणि त्यांचं खळं मोकळं पडलं होतं. चोपून चोपून कडक केलेलं, वर शेणानं सारवलेलं. लोहारानं जुन्या मोटेच्या तोंडाची लोखंडी कडी कापून मास्तरनं सांगितलेल्या मापाच्या दोन रिंगा करून दिल्या. झालं आमचं मैदान!

फोटोही मास्तरनंच आणला, सिकंदराबादच्या कुठल्याशा सचित्र पेपरातला. जर्मनीत सगळ्या जगाचे खेळ झाले होते आणि तिथं खेळलेली ब्राझीलची बास्केटबॉलची टीम त्यात उभी होती. खाली इंग्रजी मजकूर होता. मास्तरला जेवढं इंग्रजी येत होतं, तेवढ्यातून त्यानं दोन गोष्टी काढल्या. एक, ब्राझील हा देश लय लांब हाय. दुसरी, जर्मनीतले सामने मातीवर झाले होते, उघड्या मैदानात. हे ऐकून म्हातारे पाटील खूश झाले. "मंग आपलं खळं काय वाईट हाय?" म्हणाले. त्या दिवसापासून ब्राझील आमच्या शीव-शेजारचं गाव झालं.

आमी प्रत्येकानं फोटोतला एकेक खेळाडू वाटून घेतला. वाण्याच्या पोरानं मिशीवाला घेतला आणि त्याचं तिकडं कापडाचं दुकान हाय, असं परस्पर ठरवून टाकलं. मोमिनाच्या पोरानं कुरळ्या केसांचा धरला. माझा तो लांब्या. त्याचे पंजे बघूनच मी ओळखलं की हा शेतकरी हाय, कॉफीच्या मळ्यात राबून आलेला. नावं कुणाला माहीत होती! पण त्यांची कारकीर्द आमाला तोंडपाठ होती, कारण ती आमीच रचत होतो. शेजारच्या देशाला लांब्यानं कसं एकट्यानं हरवलं, गुडघा दुखावला तेव्हा त्याच्या आईनं कसला लेप लावला, मिशीवाला लग्नानंतर कसा ढेपाळला. विहिरीवर, बांधावर, जेवताना, आमचं दुसरं बोलणंच नव्हतं. माझी आई वैतागून म्हणायची, "त्या मुडद्याला जेवायला तरी बोलाव एकदा!"

फोटोच्या मधोमध मांडीवर चेंडू घेऊन एक जण बसला होता. तो त्यांचा कप्तान. आमच्या पाटलांचा मुलगा, त्याला समदे धाकले पाटील म्हणायचे, त्यानं बोट ठेवून सांगितलं, "ह्यो त्यांचा पाटील." मग तो आपोआप धाकल्या पाटलांचा झाला. त्यावर वाद घालायचं कारणच नव्हतं.

इथंच सगळा घोळ झाला. तेव्हाच्या खेळात एकेक गोल झाला की चेंडू परत मैदानाच्या मध्यावर यायचा. दोन्हीकडचा एकेक गडी समोरासमोर उभा राहायचा, पंच चेंडू वर उडवायचा आणि जो उंच उडेल त्याच्या बाजूला चेंडू जायचा. म्हणजे उडी गेली की चेंडू गेला. ही उडी कुणी मारायची? आमच्या टीममध्ये मी सगळ्यांत उंच. पण आमच्या गावात पोळ्याच्या दिवशी वेशीतल्या तोरणाखालून पहिला बैल पाटलाचा जातो. हलगी वाजते, पाटलाचा बैल पुढं होतो आणि मगच बाकीचे. एका पोळ्याला पाटलांचा बैल लंगडत होता, तर अख्ख्या गावची बैलं उन्हात ताटकळली. शेवटी पाटलांनी स्वतःच्या हातानं त्याची झूल काढली आणि शेजाऱ्याच्या बैलावर टाकली, तेव्हा कुठं पोळा फुटला. अशा गावात मधली उडी दुसरा कोण मारणार?

धाकले पाटील बुटके होते. पण हात असा, की खळ्याच्या कडेवरून चेंडू फेकला तरी रिंगेत. एवढा गुणी गडी उडीला उभा करायचा म्हणजे शुद्ध येडेपणा. मास्तर एकदा बोलला, "अरे, लंबू को खड़ा करो ना मियाँ!" तर चार जण एकदम म्हणाले, "मान हाय मास्तर, मान." मास्तर परगावचा, त्यानं शिट्टी फुंकून खेळ चालू केला. आणि रोजच्या खेळात धाकल्या पाटलांसमोर उडायला उभा राहायचो मी. मग काय करणार? गुडघे वाकवायचे, अर्धवट उडायचं आणि चेंडू त्यांच्या हाताला लागू द्यायचा. मीच नाही, जो उभा राहील तो असंच करायचा. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. महिनोन्‌महिने हे चाललं, आणि धाकल्या पाटलांना खरंच वाटायला लागलं की आपल्याइतकं उंच कुणी उडत नाही.

मग परभणीहून निरोप आला, चेंडू परत पाठवा. मोठ्या शाळेला नवीन टीम उभी करायची होती. चेंडू गेला की खेळ गेला. चिंध्यांचा चेंडू काही उसळत नसतो. मास्तर सेलूहून रेल्वेनं परभणीला गेला, तिथल्या मास्तरच्या हातापाया पडला आणि एक अट घेऊन आला. परभणीची टीम वालूरला येऊन खेळेल. आमी जिंकलो तर चेंडू कायमचा वालूरचा. हरलो तर ते त्याच बैलगाडीतून चेंडू घेऊन जातील.

सामन्याच्या दिवशी गाव लोटलं. म्हातारे पाटील बाजेवर, त्यांच्या मागं समदे गावकरी, माझा बाप त्यांच्यातच मान खाली घालून. आमच्या घरचं शेत पाटलांच्या बांधाला लागून, त्यामुळं बाप पाटलांसमोर कधी मोठ्यानं खोकलासुद्धा नाही. परभणीची पोरं बूट घालून आली होती. आमी अनवाणी. धाकल्या पाटलांच्या कमरेला तेवढा मानाचा लाल शेला बांधलेला.

पहिला चेंडू वर गेला आणि परभणीच्या गड्यानं तो सहज, हसत हसत घेतला. दुसराही घेतला. प्रत्येक वेळी धाकले पाटील जीव तोडून उडायचे आणि त्यांचा हात त्या पोराच्या कोपरापर्यंत जेमतेम पोचायचा. परभणीला कुणी गुडघे वाकवायला शिकवलं नव्हतं ना! मधल्या सुट्टीपर्यंत आमी चांगलेच मागं पडलो. सगळ्यांना कळत होतं काय चुकतंय, आणि एकाची जीभ उचलेल तर शपथ. मी रागानं नुसता धुमसत होतो.

सुट्टीत धाकले पाटील माझ्याजवळ आले. घामानं निथळत होते. खालच्या आवाजात म्हणाले, "खरं सांग. खळ्यावर रोज तू माझ्यापुढं उडतोस, तवा मुद्दाम हारतोस का?"

मला सांभाळून बोलता आलं असतं. पण चेंडू डोळ्यांसमोर बैलगाडीत चढायलाय असं दिसत होतं, आणि माझा तोल गेला. "होय, हारतो!" मी ओरडलोच. "गुडघे वाकवून उडतो. मी एकटाच न्हाई, समदेच वाकवतेत! तुमी पाटील हाव म्हणून!"

अख्ख्या खळ्यानं ऐकलं. माझ्या बापानं डोक्याला हात लावला. वाण्याचं पोरगं माझ्यापासून लांब जाऊन उभं राहिलं. धाकल्या पाटलांचा चेहरा असा झाला की मला माझीच लाज वाटावी. पण खरं सांगतो, मला शब्द मागं घ्यावासा वाटला नाही.

ते खांबापाशी गेले. थोडा वेळ फोटोकडं बघत राहिले. मग तिथूनच वळून मोठ्यानं म्हणाले, "आमी येडेच हावो. ह्यांचा पाटील खाली बसलाय. लांब्या हुबा हाय."

आणि त्यांनी कमरेचा लाल शेला सोडला. माझ्यासमोर आले, सगळ्या गावादेखत माझ्या कमरेला तो बांधला आणि गाठ मारून म्हणाले, "मान पाटलाचाच हाय. आज ह्यो घेऊन उडंल." मग माझ्या कानाशी येऊन, "आन् आता गुडघे वाकवलेस तर तंगडं मोडीन. चेंडू माझ्याकडं ढकल, बाकी मी बघतो."

सगळे म्हाताऱ्या पाटलांकडं बघायला लागले. ते बाजेवरून उठले. गेले आता निघून, असं वाटलं. पण ते हलगीवाल्याकडं वळून गरजले, "अरे, झोपलास का काय? मानाचा गडी हुबा ऱ्हायलाय, वाजीव की!"

हलगी कडाडली, पोळ्याला वाजते तशी. अंगावर काटा आला माझ्या. आजही सांगताना येतो, बघा हा हात. चेंडू वर गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्या खळ्यावर पूर्ण उडालो. परभणीचा गडी पार खाली राहिला. मी चेंडू टोलवला तो सरळ धाकल्या पाटलांच्या हातात, आणि त्यांनी कडेवरून फेकला तो मोटेच्या कडीतून आरपार. मग हेच चाललं. उडी माझी, चेंडू त्यांचा. मास्तर पान थुंकायचं विसरून ओरडत होता, "हौ लंबू, हौ!" शेवटी आमी एका गोलानं जिंकलो. परभणीची बैलगाडी चेंडूविना परत गेली. बाप घरी आल्यावर आईला म्हणाला, "पोराला भाकर वाढ. लय उडालंय आज."

तो चेंडू मोची शिवत राहिला आणि आमी खेळत राहिलो. मास्तरची बदली झाली, म्हातारे पाटील गेले, धाकले पाटील गावचे पाटील झाले. मग रझाकारांचं ते वाईट साल आलं. गावावर टोळी आली तेव्हा पाटील वेशीत आडवे उभे राहिले. गाव वाचलं, पण त्यांच्या पायाचं हाड मोडलं ते नीट बसलंच नाही.

पुढं फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं, पेपर पुन्हा यायला लागले. एक दिवस सेलूच्या बाजारात वाण्याच्या पोरानं मला मुंबईचा जुना पेपर वाचून दाखवला. लंडनला सगळ्या जगाचे खेळ झाले होते आणि बास्केटबॉलमध्ये ब्राझील तिसरं आलं होतं. सगळ्या जगात तिसरं! मी भर बाजारात ओरडलो. आमच्या फोटोतले ते गडी नसणार, दुसरे असणार, एवढं मलाही कळत होतं. पण घराणं तर तेच ना? मी बाजार टाकून वालूरला निघालो ते थेट पाटलांकडं.

पाटील ओसरीवर पाय लांब करून पडले होते, काठी शेजारी. मी सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "उडी कुणी मारली असंल रं?"

मला काय ठाऊक! पण त्यांच्या त्या पायाकडं माझी नजर गेली आणि मी म्हणालो, "पाटलानं."

त्यांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. मग काठी उचलली आणि माझ्या गुडघ्यावर हळूच टेकवली.

"आजून वाकवायलास व्हय रं, गाढवा?"

मला हसूही आलं आणि रडूही. म्हणालो, "न्हाई मालक. लांब्यानं मारली."

"आन् चेंडू कुणाकडं ढकलला त्यानं?"

"पाटलाकडं."

"हां," ते म्हणाले, आणि घरात आवाज दिला, "आगं, च्या ठिव दोन कप. ब्राझीलचा गडी आलाय."