दोन नंबरचा पलंग

आमच्या गावचे एक दलाल काष्टीच्या बाजारात शेळ्यांची दलाली करतात, पण पंचक्रोशीतला कुठलाही दहावा त्यांच्या भाषणाशिवाय होत नाही. माइक लागत नाही. आवाज असा की नदीपलीकडच्या तालुक्यातली माणसंही टोप्या काढून उभी राहतात. मेलेला कुणीही असो, श्रद्धांजली घसरते ती विलायतेच्या एका जुन्या नाटककारावर. त्याच्या नाटकांतले राजांचे खून, भुतं, अर्ध्या जगाच्या तोंडी बसलेली वाक्यं, सगळं असं सांगतात, जणू दोघं एकाच बांधावर वाढले.

परवा शेजारच्या आप्पांचा दहावा होता. पोरं आता आप्पांच्या म्हातारीची, म्हणजे आपल्याच आईची, बाज गोठ्यात हलवणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. विचारायची छाती मात्र कुणाची नव्हती.

दलाल भाषणाला उठले. "त्यो नाटकवाला लई मोठा मानूस. पर मरताना बायकूला काय ठेवलं? चांगला न्हाई, दोन नंबरचा पलंग! चारशे वर्सं झाली, लोक अजून त्या पलंगाचंच इचारत्यात." मग आप्पांच्या थोरल्या पोराकडं वळले. "तुमच्या आईचा पलंग कुठं हाय, पाव्हनं?"

थोरला घामाघूम. "म्होरल्या खोलीत... आप्पांचा मोठा पलंग आईलाच."

बायकांच्या घोळक्यातून म्हातारी म्हणाली, "मंग आजच टाका. उद्या हितं एवढी मान्सं नसत्याल."