चोपड्याच्या बांधाचा नारळ

"बाय, नाल्ल फोडू काय?"

फोनवर आबादादा होता. माझा चुलतभाऊ, चोपड्याचा. मी ऑफिसात, समोर फायलींचा ढीग, कडेला निवलेला चहा. मी सरकारच्या फायनान्समधली अकाउंट्स ऑफिसर, आणि हा मला भटजीला विचारावं तसं नारळ फोडू का म्हणून विचारत होता.

"कसला नाल्ल?"

"बांधाचो गो! फाल्यां सकाळी आमदार येता. तुमचां सर्क्युलर आयलां न्हय? सुरू जावंक नाशिल्ली कामां बंद म्हणून? नाल्ल फुटलो म्हणजे काम सुरू."

"फोडू नको. मी सांजचे येतंय," असं म्हणून मी फोन ठेवला आणि निवलेला चहा तसाच पिऊन टाकला.

खाणी बंद होत्या त्या काळातली ही गोष्ट. माझं सासर नार्व्याचं. डिचोलीकडून ऑफिसला येताना रस्त्याच्या कडेला ट्रक नुसते उभे दिसत, चाकांतून गवत आलेलं. खाणीतून सरकारला मिळायचं ते थांबलं, खर्च मात्र एका पैशानेही कमी झाला नाही. पगार, पेन्शन, जुन्या कर्जाचं व्याज हे कुणाला चुकत नाही. मग सरकार बाजारातून नवं कर्ज उचलायचं. घर बांधायला कर्ज काढणं वेगळं आणि पेजेला कर्ज काढणं वेगळं. आमचं पेजेपर्यंत आलं होतं. म्हणून सर्क्युलर काढलं: सुरू न झालेली कामं पुढच्या आदेशापर्यंत थांबवा.

आता 'सुरू' म्हणजे काय? फायलीत त्याला वर्क ऑर्डर वगैरे लागते. पण आपल्याकडे पाहुणे आले, हार घातले, नारळ फुटला, की काम सुरू. मग ते बंद करायची कुणाची हिंमत नसते. सर्क्युलर निघालं तशी नारळ फोडायची एकच घाई उडाली. देवाला वर्षभरात मिळत नाहीत एवढे नारळ त्या दिवसांत खडी आणि वाळूच्या ढिगांवर फुटले.

चोपड्याचा बांध त्याच रांगेत होता. तिथे शापोरा नदीचं पाणी खारं. शेतं नदीपेक्षा सखल. मधे मातीचा जुना बांध, आणि त्यात मानस, म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरतीला मिटतं, ओहोटीला उघडतं. त्या वर्षी मानशीच्या बाजूला भगदाड पडलं होतं. पावसाळ्यात ते वाढलं असतं तर सगळी खाजन शेती, म्हणजे बांधाआडची ही सखल शेतं, खाऱ्या पाण्याखाली गेली असती, आणि एकदा मीठ बसलं की दोन-तीन वर्षं तिथे भात नाही. आबादादाची सगळी जमीन तिथेच. कुळांच्या संघटनेचा तोच अध्यक्ष.

भगदाड बुजवायला हवं होतं माती, चिरे आणि माणसं. संघटनेने मागितली काँक्रीटची भिंत, थेट वरच्या वळणापर्यंत. बजेटात त्या भिंतीला टोकन प्रोव्हिजन मिळाली होती. टोकन म्हणजे काम कोट्यवधीचं आणि पुढे रक्कम हजार रुपये. पंगतीत पान मांडायचं, भात नंतर बघू. लोकांना वाटतं बजेटात नाव आलं, भिंत झालीच. गावात फटाके वाजले होते म्हणे.

मला खरी भीती वेगळीच होती. एकदा मोठ्या कामाचा नारळ फुटला, की त्याच जागेवर दुरुस्तीचा पैसा घालता येत नाही. एका जागेवर दोन खर्च, ऑडिट लगेच पकडतं. म्हणजे भिंतीला पैसा नाही आणि भगदाडाला हात लावायची सोय नाही. मे महिना लागला होता.

मी आमच्या जॉइंट सेक्रेटरींकडे गेले. फोंड्याचे गृहस्थ, खर्चाच्या फायलीवर सही करताना चेहरा दाढ दुखत असल्यासारखा करायचे.

"सर, चोपड्याचा बांध."

"तुझं माहेर ना ते?"

"हो."

"मग तू फाईलला हात लावू नको. दुसऱ्या सेक्शनच्या नाईकला नोट लिहायला सांग. नारळ फुटलाय?"

"अजून नाही. उद्या सकाळी फुटतोय."

"मग वाचले. मेंटेनन्समधून थोडं मातीकाम देता येईल. अर्धंच. बाकीचं गावाने घालायचं. घालतील?"

"घालतील," मी म्हटलं. कुणाच्या भरवशावर म्हटलं ते माझं मलाच ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी देवळाच्या मंडपात माणसं जमली. आबादादा खांबाला टेकून बसला होता. शेजारी पिशवी, पिशवीत सोललेला नारळ, शेंडी बाहेर आलेली. मी सगळं समजावून सांगितलं. तो ऐकत होता, पण मान वळवून.

"भिंत नाका म्हणटस?" तो म्हणाला. "गावची चली, आमची बाय, सरकारांत बसता, आनी गावाकच ना म्हणटा. सांग पळोवया, तू सरकारची काय चोपड्याची?"

त्याचं बोलणं मला लागलं. लहानपणी ह्याच माणसाने मला खांद्यावर घेऊन बांधावर फिरवलं होतं.

"दादा, मानशीचे पैशे खंय आसात?" मी विचारलं.

मानशीच्या तोंडाशी मासळी भरपूर सापडते. तिथे जाळं लावायच्या हक्काची दरवर्षी पावणी होते, म्हणजे लिलाव. माझे वडील मला न्यायचे. वडाखाली माणसं बसायची, बोली चढत जायची, कुणीतरी चिडायचा, कुणीतरी हसवायचा. पावणी झाली की पैशाला हात लावण्याआधी वडील मोठ्याने विचारायचे, "बांध जेवलो?" मग बांधाचा वाटा आधी बाजूला निघायचा. माती, पेंढा, बांबू, मजुरी. देवाचा वाटासुद्धा त्यानंतर. बांध जेवल्याशिवाय गाव जेवत नसे.

पुढे सरकार बांधाला पैसे देऊ लागलं आणि विचारायचं राहून गेलं.

संघटनेचा खजिनदार म्हणाला, "देवळाच्या वर्धापन दिनाक त्या पैशांनी ऑर्केस्ट्रा आसा. कोल्हापूरसून."

"ॲडव्हान्स दिलो?"

"अजून दिवचो आसा."

आबादादाने एकदा पिशवीकडे बघितलं. मग उठला, मंडपाबाहेर गेला आणि आमदाराच्या माणसाला फोन लावला. आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"फाल्यां जावचां ना हो. घरांत सुतक पडलां... म्हातारी मावशी... व्हय, एकदम."

त्याची कुठलीही मावशी गेली नव्हती. माणसं उपरण्यात तोंड खुपसून हसली. आबादादा मात्र हसला नाही. आत न येता बाहेरूनच म्हणाला, "बांधाक घाला पैशे," आणि घरी गेला. खोटं असलं तरी सुतकच, म्हणून ते फिटेपर्यंत तो देवळाची पायरी चढला नाही.

सरकारची माती आली, गावाचे चिरे आले. आमच्या नार्व्याचे दोन ट्रकवाले, खाणीविना बसलेले, डिझेलच्या पैशावर येऊन राबले. वर्धापन दिनाला ऑर्केस्ट्राऐवजी गावच्याच पोरांचं नाटक झालं. वाईट झालं, पण झालं.

जुलैच्या अमावास्येला मोठी भरती आली. वर पाऊस, खाली समुद्र. बांध पाझरला, एका जागी खचला, पण फुटला नाही. वरच्या अंगाच्या एका गावात नारळ आधीच फुटला होता. तिथे पाणी शिरलं. कामाचा बोर्ड अजून उभा आहे, आता त्यावर कारल्याचा वेल चढलाय. त्या माणसांचं मला फार वाईट वाटतं. त्यांची चूक एवढीच, की त्यांना वेळेवर सुतक सुचलं नाही.

आबादादा माझ्याशी वर्षभर नीट बोलला नाही. दिवाळीला मात्र त्याच शेतातल्या कोरगूट तांदळाची गोण पाठवली. चिठ्ठी नाही, फोन नाही. मी त्या लाल तांदळाची पेज केली आणि नवऱ्यासमोर रडले.

आता मी रिटायर झालेय. गेल्या वर्षी पावणीला मुद्दाम गेले. वड आहे, माणसं बदललीत. बोली संपली, खजिनदाराने पैसे पिशवीत घातले. तेवढ्यात मागून काठी टेकत आबादादा उभा राहिला आणि अगदी माझ्या वडिलांच्या आवाजात ओरडला, "बांध जेवलो?"

खजिनदाराने पिशवी पुन्हा उघडली.

नोकरीभर मी बजेटच्या नोट्स लिहिल्या. आर्थिक शिस्त, खर्चावर नियंत्रण, दायित्वांचा प्राधान्यक्रम. पानंच्या पानं. 'बांध जेवलो?' ह्या दोन शब्दांपलीकडे मी त्यांत काय लिहिलं, ते मला अजून सापडलेलं नाही.