टेकडीवरचा तेंदू

उन्हात वाळणाऱ्या तेंदूपानांचा वास आला की अजूनही माझी कंबर दुखते. उन्हाळ्यात मायसोबत गावामागच्या टेकडीवर पानं तोडायला जायचे. वर नुसता तापलेला खडक आणि गुडघ्याएवढी तेंदूची झुडपं. वाकून वाकून वैतागलेली मी एकदा म्हणाले, "हे झाडं काऊन वाढत नाई व माय?" "आपणच वाढू देत नाई त्याईले," माय म्हणाली. "बिडीले कवळं पान पाह्यजे, म्हणून दरसाल बुडातून छाटतो." कंबर धरून ती उभी झाली. बसायला सावली कुठंच नव्हती, म्हणून पुन्हा वाकली. माय गेल्यापासून तिथं कोणी छाटत नाही. परवा वर गेले, तर एका झुडपाचं झाड झालेलं. त्याच्याखाली एका बाईला बसता येईल एवढी सावली होती.