गोठ्यातल्या हिरव्या माशा

आरमोरीकडच्या एका गावातला तो गोठा मी अजून विसरलेलो नाही. तेव्हा मी ठाणेदार होतो. एक शेतकरी चार दिवसांपासून बेपत्ता होता. त्याच्या थोरल्या भावाने तक्रार देताना शेजाऱ्याचं नाव घेतलं. बांधावरून दोघांची हाणामारी झालेली, सगळं गाव साक्षीला. मी शेजाऱ्याला अपहरणाच्या गुन्ह्यात अटक केली. "मी नाई, साहेब," एवढंच तो सांगत राहिला. त्याच्या कोठडीची मुदत संपत आली; दुसऱ्या दिवशी कोर्टात ती वाढवून मागायची होती.

त्या सकाळी हजेरी चालू असताना शेजाऱ्याची बायको ठाण्यात आली. रडली नाही. म्हणाली, "भाऊ हरवला अन् हा थोरला मोह वाळवून राह्यला. तेही गोठ्यात. मोह कोनी सावलीत वाळवते का, साहेब?"

मोहफुलं आमच्याकडे सारवलेल्या अंगणात, कडक उन्हात पसरतात. हवालदाराला घेऊन मी थोरल्या भावाच्या घरी निघालो.

गोठ्यात फुलांचा जाड थर आणि माशांचा घोंगाट. थोरला भाऊ म्हणाला, "गोड हाय, साहेब. माशा येनारच."

बोलणं खरं होतं. पण मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, तोही प्राणिशास्त्राचा. सांगायला लाज नाही, अभिमान आहे. तपासाच्या पेटीतलं ठसे पाहायचं भिंग काढलं. गोठ्यातल्या डझनभर माशा बाटलीत धरल्या. हवालदाराने दुसऱ्या एका घरच्या अंगणातल्या मोहावरच्या आणल्या.

"साहेब, यायची बी अटक दाखवाची का?" त्याने विचारलं.

अंगणातल्या बहुतेक घरमाशा: करड्या, पाठीवर चार काळ्या रेघा, नर-मादी दोन्ही. गोठ्यातल्या मात्र हिरव्या, चकचकीत, मांसावर बसणाऱ्या. यांच्यात नराचे डोळे माथ्यावर जवळजवळ चिकटलेले असतात, मादीच्या डोळ्यांमध्ये फट असते. बाटलीतल्या प्रत्येकीला फट होती. गोडावर नरही येतो. नुसत्या माद्या जमतात त्या अंडी घालायला, आणि ही माशी अंडी मांसावर घालते.

"मोह इथी काऊन टाकला?" मी विचारलं.

"अंगनात जागा नव्हती."

अंगण मोकळं पडलं होतं. त्याने तिकडे पाहिलं, मग गोठ्यातल्या फुलांकडे. "वास येईन मनून टाकला, साहेब."

नायब तहसीलदार आणि पंचांसमक्ष फुलांखालची जमीन उकरली. हातभर खोलीवर प्रेत निघालं.

शेजारी कोर्टाच्या आदेशाने सुटला. जप्त केलेला मोबाइल न्यायला आला, तेव्हा मी त्याला माशांची हकीकत मोठ्या उत्साहाने सांगितली. त्याने सगळी ऐकून घेतली.

"माशीचे डोये भिंगानं पाह्यले, साहेब. माह्यावाले काऊन नाई पाह्यले?"

मी माफी मागितली नाही. ठाणेदार मागत नसतात. त्यानंतर मात्र, गावाने बोट दाखवलेल्या माणसाला अटक करण्याआधी मी त्याच्यासमोर बसून त्याचं सगळं ऐकून घेऊ लागलो. ती माफी तेवढी राहून गेली.