रुपया वाजवायचा दगड

अन्याय माझ्यावर झाला. जर्मनीशी लढाई सुरू झाल्यानंतरची दुसरी दिवाळी, धनतेरशीची सकाळ, ओसरीत नुकतं ऊन आलेलं. करणारे माझे वडील. आपल्यावरचा अन्याय आपण सांगू नये, दुसऱ्यानं सांगावा, असं सभ्य लोक म्हणतात. दुसरं कोणी सांगायला तयार नाही, म्हणून मीच सांगते.

आमचं गाव मंगरूळपीरच्या बाजूचं. बाबांची शेती कापसाची आणि तुरीची, चारचौघांसारखी. पण त्यांना पंचक्रोशी ओळखायची ती रुपयासाठी. कारंज्याच्या बाजारात कापूस विकून आलेला माणूस आपल्या घरी जाण्याआधी आमच्या ओसरीवर थांबे आणि कनवटीचा रुपया बाबांपुढे ठेवी. बाबांजवळ तळहाताएवढा काळा गुळगुळीत दगड होता. त्यावर ते रुपया सोडत. खरा असला तर आवाज उठायचा आणि थरथरत लांब जायचा. खोटा शिशाचा असला तर जागीच मरायचा. मग ते कडेवरून अंगठा फिरवत, दातेरी कड कुणी कानशीनं घासून चांदी चोरली आहे का ते बघत. मग नाण्यावरचं राणीचं तोंड. राणीच्या वस्त्रावरची वेलबुट्टी आधी जाते, मग कानावरचे केस, मग गाल सपाट होतो. किती गेलं त्यावरून रुपया किती हात फिरला आणि किती हलका झाला ते ठरे.

याबद्दल ते कोणाकडून काही घेत नसत. मान घेत. तो मान मला हवा होता, हे मी लपवत नाही.

धनतेरशीला तर गाव आमच्याकडे लोटायचं. लक्ष्मीपूजनाला ठेवायचा रुपया बाबांनीच निवडून द्यायचा, असा आमच्याकडचा रिवाज. तो खणखणीत पाहिजे, भोक पाडलेला नको, हारासाठी कडी लावलेला नको. आणि दर वर्षी बायका एकच चूक करत. पूजेचा रुपया म्हणून त्याला चिंच आणि राख लावून असा घासत की राणीला नाक उरत नसे. बाबा ओरडत, "अवो, देवाले मळ चालते, पण नाक पाहिजे!" बायका हसत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा घासून आणत. ज्या रुपयावर घराची सगळ्यात जास्त माया, तोच सगळ्यात झिजलेला.

मला कोणी काही शिकवलं नाही. ओसरीच्या भिंतीआड मी तूर पाखडत बसे आणि ऐके. सूप थांबवायचं, दगडावरचा आवाज ऐकायचा, मनाशी खरा की खोटा म्हणायचं, मग बाबा काय म्हणतात ते ऐकायचं. असं करता करता बाबा बोलायच्या आधी मला कळायला लागलं. मायच्या गळ्यात राणीछाप रुपयांचा हार होता. भावाच्या लग्नात तो मोडला. कड्या कापल्या, त्या जोडायला लावलेला डाख खरवडला, रुपये सुटे झाले आणि सुनेच्या दागिन्यांत गेले. जायच्या आधी मी ते एकेक करून चुलीजवळच्या पाट्यावर वाजवून पाहिले होते. मायनं पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

मग कारंज्याला मामाकडे शिकायला राहिले. तिथं प्रभातफेरीत शिरले, सभेची पत्रकं लिहू लागले, तुरुंगात गेलेल्यांच्या घरी धान्य पोचवू लागले. परत आले तेव्हा बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. आवाज त्यांना कळे, पण आवाज म्हणजे अर्धीच परीक्षा. कड आणि तोंड बघायला डोळे लागतात. त्यातच लढाईमुळे नवा रुपया आला होता, निम्म्या चांदीचा, आणि राणीचा रुपया सरकार परत घेणार अशी बातमी घरोघर पोचली होती. जो तो पुरलेले रुपये उकरून दाखवायला आणत होता. बाबांना कोणीतरी जवळ बसवावं लागणार, हे उघड होतं. भावाला कापसातलं कळे, रुपयातलं काही नाही. मी मनात जागा धरून बसले होते.

त्या सकाळी मी ओसरी सारवून आले, हात धुतले, नीट नेसले. बाहेर येऊन पाहते तर दगड जागेवर नाही. तो माजघराच्या उंबरठ्याशी सरकवलेला, आणि उंबरठ्याच्या आत डोक्यावर पदर घेऊन बसलेली माझी वहिनी. कारंज्याच्या चांदीच्या दुकानदाराची मुलगी. सुनेनं ओसरीत परपुरुषांपुढे बसायचं नाही, म्हणून दगडच तिच्याकडे गेला होता. माझ्या आठवणीत तो दगड कधी वीतभर हलला नव्हता. तिच्यासाठी हलला.

"बाबा, मी बसते," मी म्हटलं. चारचौघांत म्हटलं, मुद्दाम.

"तू तूर पाहाय," बाबा म्हणाले. "वाळू घालाची राह्यली."

"काहून? मले येते."

"येत असन. तू उद्या परक्याच्या घरी जाशीन. तुले शिकवलं त विद्या चालली बाहेर. सूनबाईले इथंच राहाचं हाय."

ओसरीतल्या माणसांनी माना हलवल्या. किती शहाणपणाचं बोलले! मी आत गेले आणि सूप हातात घेतलं, पण तूर काही पाखडली नाही. भिंतीच्या कडेनं सगळं दिसत होतं. वहिनीची बोटं पाहिली. लांब, निवांत, रुपया बोटाच्या टोकावर तोलणारी. ती घाई करत नव्हती. रुपया वाजवून झाला की मान किंचित वळवी आणि सासऱ्यांना हळूच सांगे, "मामाजी, खरा. गाल गेला, पण कड पुरी हाय." बाबा तेच मोठ्यानं सांगत आणि लोक त्यांना हात जोडत. मला तिची बोटंही खुपली, आवाजही खुपला. तिचं चुकावं म्हणून मी वाट पाहत होते. ती चुकत नव्हती.

मग शेजारची काकू आली. नवरा गेलेली, जिभेची तिखट, आमच्या घरात उठबस असलेली. तिनं पदराची गाठ सोडून एकच रुपया पुढे केला. चिंचेनं घासून आरशासारखा केलेला.

"माह्या मायचा हाय," काकू म्हणाली. "तिच्या मागं एवढंच उरलं. पूजेले ठेवतो म्हणतो."

वहिनीनं तो दगडावर सोडला. आवाज बद्द आला.

तिनं पुन्हा सोडला. पुन्हा बद्द. बाबांनी डोळे मिटून ऐकलं आणि काकूला म्हणाले, "खोटा हाय, वहिनी. कोणं फसवलं तुह्या मायले?"

काकूचा चेहरा मी विसरणार नाही. रुपया गेला म्हणून नाही. आई खोटं नाणं जपत मेली, असं सगळ्या गावासमोर ठरलं म्हणून. तिनं हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. पुढच्या माणसानं आपले रुपये काढायला सुरुवातही केली.

मला आवाज माहीत होता. शिशाचा आवाज जागीच मरतो. हा मरत नव्हता, उठत होता आणि मग कोणी वरून हात ठेवल्यासारखा बसत होता. मायच्या हारातले रुपये पाट्यावर असेच वाजले होते.

मी सूप टाकून उंबरठ्यापाशी गेले. "कडी होती त्याले," मी म्हणाले. "राणीच्या डोक्यावरची कड पाहा. डाख राह्यला असन, त्यानं आवाज दबते. चांदी खरी हाय."

"तुले कोणं इचारलं?" बाबा.

वहिनीनं रुपया उन्हाकडे धरला. कड नखानं खरवडली. घासून घासून डाख कडेशी एक झाला होता, नजरेला लागत नव्हता, नखाला लागला. राखट रंगाचा ठिपका निघाला.

"मामाजी," ती माझ्याकडे मान करून म्हणाली, "बाई बरोबर म्हणून राह्यल्या. हा हारातला हाय. खरा हाय."

काकूनं तो झडप घालून घेतला. मग पदरानं डोळे पुसले, आणि डोळे पुसून झाल्यावर बाबांवर उलटली. "काहो भाऊजी, माह्या मायले मेल्यावर लबाडाच्या पंगतीत बसवत होते तुमी! पोरीच्या कानानं वाचली बिचारी. अन् या पोरीले तुमी तूर वाळू घालाले लावता?"

लोक हसले. बाबाही हसले. मला वाटलं, आता म्हणतील, ये, बस.

"कान चांगला हाय तिचा," बाबा म्हणाले. "तिच्या सासऱ्याचं भलं होईन." आणि पुढच्या माणसाकडे वळले. "दाखव रे तुह्ये." काकूच्या रुपयाला कडी होती, म्हणून तो पूजेला चालणार नाही, एवढं मात्र सांगायला विसरले नाहीत. काकू म्हणाली, "माही लक्ष्मी, माही माय. मी ठेवतोच. पाहू कोण उचलते ते!" आणि गेली.

दुपारी चुलीपाशी वहिनी माझ्या शेजारी भाकरी थापत होती. मी चुलीत लाकडं सारत राहिले. तीच बोलली.

"बाई, तुमचा कान माह्यापेक्षा चांगला हाय."

"तुमाले कोणं शिकवलं?" मी विचारलं. विचारायचं नव्हतं, निघून गेलं तोंडातून.

"माह्या बापानं," ती म्हणाली. "लहान असताना मांडीवर घेऊन बसे. आपल्या उपरण्यानं माहे डोळे बांधे आणि रुपये वाजवे. चुकली त हसे, बरोबर आली त गुळाचा खडा. माय म्हणे, पोरीले कायले शिकवता, ते त चालली परक्याच्या घरी. बाप म्हणे, जाऊ दे, रिकामी काहून जाईन?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली. तिच्या दृष्टीनं गोष्ट संपली होती. माझी तिथं सुरू झाली.

तोवर मला तिच्या जागेचा हेवा वाटत होता. आता तिच्या बापाचा वाटला, आणि हा हेवा पहिल्यापेक्षा वाईट होता, कारण जागा भांडून मिळवता येते. मांडीवर बसायचं वय निघून गेल्यावर मी कोणाशी भांडू? आणि माझ्या वडिलांच्या घराची त्या सकाळची सगळी अब्रू त्या परक्या दुकानदारानं राखली होती. त्यानं आपल्या मुलीची विद्या 'बाहेर' जाऊ दिली म्हणून ती आमच्या उंबरठ्यावर येऊन बसली. माझ्या वडिलांनी त्या माणसाच्या उदारपणावर दिवाळी साजरी केली, आणि तोच उदारपणा स्वतःच्या मुलीला नाकारला. हे मी बाबांना तसंच तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "पत्रकातलं बोलू नको." पत्रकात दुसऱ्यांवरच्या अन्यायाबद्दल लिहिलं तेव्हा त्यांनीच माझं कौतुक केलं होतं.

वहिनीनं दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी उंबरठ्याशी पाट मांडला. मी बसले नाही. चूक तिची नव्हती, तरी तिनं दिलेली जागा मला घेववेना. ज्यानं द्यायची त्यानं दिली नव्हती. अजून दिलेली नाही. दगड अजून तिथंच आहे, आणि तो वाजला की माझं सूप थांबतं.

हे वाचणाऱ्या बापांनो, मला तुमची हळहळ नको. तुमच्या घरात पेटीत किंवा मडक्यात एखादा राणीछाप रुपया असेल. तो आज बाहेर काढा. घासू नका, तसाच असू द्या. मुलीला हाक मारा, हातातलं सूप खाली ठेवायला सांगा, आणि रुपया तिच्या तळहातावर ठेवून म्हणा, "वाजव, आणि काय आहे ते मला सांग." तिचं लग्न कुठं व्हायचं ते नंतर बघा. ती सांगेपर्यंत तिच्यापुढून उठू नका.